क्षेपक

मामा गेल्यानंतर सहा वर्षे त्यांचा ड्रमसंच गिरगावातल्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेला पडून होता. तो खाली उतरवण्याचे निमित्त अगदी व्यावहारिक होते : मामींच्या नातवाला तो वाजवायचा होता. मी वादक नाही; माझे आयुष्य हस्तलिखितांतील पाठभेद जुळवण्यात गेले. "तू जुन्या गोष्टी नीट करतोस ना? मग हेही कर," असे मामी म्हणाल्या, आणि दुरुस्तीचे काम माझ्याकडे आले.

मुंबईच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचे प्राबल्य होते आणि कावस लॉर्ड व त्यांचे पुत्र केर्सी आणि बुजी तालवाद्यांत नामांकित होते, त्या काळात मामा हॉटेलांतून, लग्नसमारंभांतून आणि क्वचित बदली वादक म्हणून ध्वनिमुद्रणांतून वाजवीत. संच ब्रिटिश प्रीमियर कंपनीचा, 1960 च्या दशकाच्या आरंभीचा. एका परतणाऱ्या वादकाकडून जुनाच घेतलेला. गोणपाट सोडले तेव्हा मला दिसले ते मात्र निराळेच वाद्य होते. छोटा टॉम सायकलच्या सीटखालच्या क्लॅम्पने पेलला होता. मोठ्या टॉमचे दोन पाय म्हणजे घरबांधणीची वाकवलेली तीन सुती सळई. मोठा ड्रम पुढे सरकू नये म्हणून त्याला दाराची कडी ठोकलेली. पायपट्टीचा पट्टा कमरेच्या पट्ट्यातून कापलेला. मागच्या बाजूला ताशा मढवणाऱ्या कारागिराकडून चढवून घेतलेले कातडे, आणि त्याला आतून लागून, घुमारा आवरण्यासाठी, सुती लुगड्याची एक पट्टी.

प्रथमदर्शनी मी हरखून गेलो. अभावातून उमललेली ही कल्पकता जशीच्या तशी जपावी, असे मला वाटले. आणि त्यासाठी मजजवळ युक्तिवादही होता. ड्रमसंच हे वाद्य मुळातच जोडाजोडीचे अपत्य आहे. लष्करी बँडमधले दोन ड्रम, तुर्की झांजा आणि चिनी टॉम एकत्र आणून तीन माणसांचे काम एकाकडून करून घ्यावे, या निकडीतून ते अमेरिकेत जन्मले. 1909 मध्ये लुडविग बंधूंनी पायपट्टी बाजारात आणली, तेव्हा कुठे त्याला स्थैर्य लाभले. ज्याची मूळ संहिताच ठिगळांची, त्यातली ठिगळे काढायची कशासाठी?

मामींनी माझे व्याख्यान शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "अरे, त्या क्लॅम्पची त्यांना लाज वाटायची. वाजवता वाजवता तो टॉम खाली यायचा आणि हे डाव्या कोपराने तो उचलून धरायचे. रात्री दोन वाजता घरी आले की मी त्या कोपराला तेल चोळायची. बाहेरून सामान मागवायला परवाना नव्हता, आणि पैसे तर नव्हतेच. हौस म्हणून केलंय का त्यांनी ते?"

मी निरुत्तर झालो. परकीय चलनाच्या टंचाईने 1957 च्या सुमारास आयातीवर आलेली बंधने मी इतिहासात वाचली होती. ती एका माणसाच्या कोपरात दुखत होती, हे मला ठाऊक नव्हते. ज्याला मी शैली समजत होतो, ती त्यांची अडचण होती.

मग क्षेपके काढायला बसलो. मूळ ताणसळई दोन सुतांहून किंचित बारीक. मामांनी बाजारातले दोन सुती बोल्ट घातले होते आणि त्यासाठी आतल्या नटांचे आटे वाढवून घेतले होते. व्हिटवर्थने 1841 मध्ये सुचवलेल्या ब्रिटिश आट्याचा कोन 55 अंशांचा, अमेरिकन आट्याचा 60 अंशांचा. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण बळजबरीने बसवले की एकमेकांना खातात. लेथवाल्याने नमुना पाहून मान हलवली : "साहेब, मिळतंजुळतं चालणार नाही. तोच आटा पाडावा लागेल." चार सळया त्याने करून दिल्या, टॉमचा आधार, पाय आणि नट इंग्लंडातून जुन्या सामानातले मागवले. पडद्यांचे त्रांगडे वेगळेच होते. प्लॅस्टिकचे पडदे 1957 पासून मिळू लागले आणि पावसाळ्यात सैल पडणाऱ्या कातड्यातून वादक सुटले. पण प्रीमियरची जुनी मापे आजच्या मापांहून किंचित मोठी, म्हणून तेही खास मागवावे लागले. गंजलेल्या क्रोमवर पाणी लावून अॅल्युमिनियमच्या पातळ कागदाने घासत मी कित्येक संध्याकाळी घालवल्या.

या कामात एकनाथांची आठवण वारंवार येई. शके 1506 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तीत पुढे आपली ओवी घालील, तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असे बजावले. परंतु नरोटी ठेवणाऱ्याच्या घरी दुसरे भांडेच नसेल, तर? पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने प्रक्षिप्त भाग मुख्य संहितेतून वगळला, पण तळटीपांत आणि परिशिष्टांत जपला. मीही तोच मार्ग धरला. क्लॅम्प, कडी, सळया, बोल्ट एका पेटीत ठेवले आणि प्रत्येकाला तो कुठे होता याची चिठ्ठी बांधली. कडीची तीन भोके मात्र बुजवली नाहीत. ती आता लाकडाचीच झाली आहेत.

दिवाळीनंतर नातू वाजवायला बसला. टॉम जागचा हलला नाही. त्याचे कोपर मोकळे होते. मामी त्या कोपराकडेच पाहत होत्या. मोठ्या ड्रमला मी रीतसर नमद्याची पट्टी लावली होती. मुलाने दोनचार ठोके दिले, नाक मुरडले, पेटीत हात घातला आणि लुगड्याची पट्टी काढून पुन्हा पडद्यामागे ताणली. ठोका भरीव आला, आणि वेळेवर थांबला.

"आजी, हे कसलं कापड आहे?" त्याने विचारले.

"आहे जुनं," मामी म्हणाल्या. "वाजव तू."

तिची चिठ्ठी मी पेटीतून काढून टाकली.