तहान आणि आग्रह

आग्रह हा आपल्या पाहुणचाराचा प्राण आहे. जेवणाचा आग्रह प्रसंगीं बाधतो, हें आतां सर्वांना पटलें आहे. पण पाण्याचा आग्रह मात्र निर्दोषच, अशी आपली समजूत अजून कायम आहे. पाण्यानें का कधीं कोणाचें वाईट झालें आहे? या प्रश्नाचें उत्तर मला माझ्या पुतण्याच्या दुखण्यानें शिकविलें.

मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथि असते. तिच्यांतून पाझरणारा एक रस मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याची आज्ञा देतो. एका शस्त्रक्रियेनंतर पुतण्याचा हा रस आटला. सारखें पाणी प्यावें आणि तितकेंच टाकावें, अशी त्याची अवस्था झाली. या विकाराचें जुनें नांव ‘डायबेटिस इन्सिपिडस’. साखरेशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. नामसादृश्यामुळें रुग्णालयांतही घोटाळे होत, म्हणून २०२२ सालीं तज्ज्ञांनीं नवें नांव सुचविलें.

त्यावरील औषध डेस्मोप्रेसिन. १९६७ सालीं प्राग येथील रसायनज्ञांनीं मूळ रसाच्या रचनेंत थोडा फेरफार करून तें घडविलें. नाकांत एक फवारा मारला, कीं कित्येक तास मूत्रपिंडें पाणी धरून ठेवतात. खरी मेख येथेंच आहे. निरोगी माणूस जास्त पाणी प्याला, तर त्याचा रस आपोआप ओसरतो आणि जादा पाणी निघून जातें. बाहेरून घेतलेलें औषध असें ओसरत नाहीं. मग आग्रहाखातर प्यालेलें पाणी अंगांत सांचतें, रक्तांतील सोडियमचें प्रमाण उतरतें. डोकें दुखतें, मळमळतें, भ्रम होतो, झटके येतात, प्रसंगीं प्राणांवर बेततें. अंथरूण ओलें करणाऱ्या मुलांना हा फवारा देऊं नये, असें अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २००७ सालीं बजावलें, तें याच कारणासाठीं. बरें, पुतण्यानें औषध सोडावें, तर शरीर कोरडें पडतें.

त्याची शिस्त मी कौतुकानें पाहतों. नवी बाटली उघडली, कीं सारखा, बारीक फवारा येईपर्यंत तो पंप आधीं हवेंत दाबतो. बाटलीवर छापलेले पन्नास फवारे मोजून झाले, कीं तळाशीं औषध दिसत असूनही ती टाकून देतो. कारण पुढें मात्रा पुरी येईलच, याचा भरंवसा नसतो. फवारा नीट बसला नाहीं असें वाटलें, तरी लागलीच दुसरा मारीत नाहीं. नाक चोंदलें, ताप आला, वांत्या झाल्या, कीं डॉक्टरांना विचारतो. वेदनाशामक गोळीही त्यांना विचारल्यावांचून घेत नाहीं. ठरल्या वेळीं सोडियम तपासून घेतो. आणि पाणी पितो तें तहान लागेल तेव्हांच.

अवघड जातें तें माणसांपाशीं. “अरे, हीं औषधें उष्ण असतात, वर भरपूर पाणी पी बाळा,” म्हणून त्याची आत्या पेला पुढें करते. “आत्या, तहान लागली कीं मीच मागून घेईन,” असें तो हंसून सांगतो, आणि तिचा चेहरा उतरतो. तिची माया खोटी नाहीं. पण मायेला दुसऱ्याच्या शरीराचा हिशेब ठाऊक असतोच असें नाहीं. तांब्याभांडें जवळ ठेवून गप्प बसणें, हाही आदरातिथ्याचाच एक प्रकार आहे. आमच्या घराला तो हळूहळू जमूं लागला आहे.