पैजेचा ससा

आम्ही पती-पत्नी सोलापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला जुने गद्य आमच्याकडे असते आणि त्यात 'लीळाचरित्रा'तील सशाच्या रक्षणाची लीळा ही, खरे सांगायचे तर, आमची हातखंडा लीळा. पारध्यांच्या हातून निसटलेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो. पारधी तो परत मागतात, या सशावर पैज लागली आहे असे म्हणतात. स्वामी शरण आलेल्याला देत नाहीत, आणि अखेर पारधीच हिंसेपासून परावृत्त होतात. अहिंसा, संवादाची नाट्यमयता, तेराव्या शतकातील बोलीचा जिवंतपणा, असे सगळे मुद्दे ओळीने येतात आणि तास कसा संपतो ते कळत नाही.

काही वर्षांपूर्वी असाच तास चालू असताना मागच्या बाकावरून एक हात वर आला. मुलगा फासेपारधी समाजातला. त्याच्या घरात एम.ए.पर्यंत पोचलेला तो पहिलाच. तो म्हणाला, "सर, ती पैज होती म्हणून त्यांना ससा सोडता आला. ज्याच्या घरी तोच ससा शिजणार होता, त्यानं काय करायचं?" वर्गात हशा पिकला. आम्ही "चांगला प्रश्न आहे" असे म्हणून पुढच्या परिच्छेदाकडे वळलो. प्राध्यापक "चांगला प्रश्न आहे" असे केव्हा म्हणतात, हे या पानांच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

परीक्षेत त्याने तोच प्रश्न उत्तर म्हणून लिहिला. चुलत्याला दोन तितरांसह पकडले होते आणि पुढे कोर्टाच्या तारखांपायी घरातल्या शेळ्या विकाव्या लागल्या, हेही त्यात होते. लीळेचे आशयसूत्र मात्र कुठेच नव्हते. आम्ही पाचपैकी दीड गुण दिला. विषयांतर, असा शेराही लिहिला. नियमाप्रमाणे तो बरोबर होता. आजही नियमाप्रमाणे तो बरोबरच ठरेल.

2023च्या उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिनला भाचीकडे गेलो. तिने एका रविवारी आम्हाला पश्चिमेकडच्या टेकड्यांच्या प्रदेशात नेले. दुपारी एका उपाहारगृहात बसलो असता पदार्थांच्या यादीत आम्हाला चक्क 'नीलगाय' हा शब्द रोमन लिपीत दिसला. त्याखाली 'ॲक्सिस' नावाच्या हरणाचे मांस होते. भाची म्हणाली, "मामी, ॲक्सिस म्हणजे आपलं चितळ." आम्ही दोघेही काही क्षण यादीकडे पाहतच राहिलो. आपल्याकडे ज्या प्राण्याला हात लावला तर तुरुंग, तो इथे बटाट्याच्या लगद्यासोबत ताटात येतो, आणि बिलावर त्याचा कर लागतो!

हे कायदेशीर कसे, हे समजून घेण्यात पुढचे काही दिवस गेले. जे कळले ते मोठे उद्‌बोधक होते. अमेरिकेत शिकारीचा छंद एवढा फोफावलेला असूनही शिकाऱ्याला आपण मारलेले रानहरीण विकता येत नाही. घरी खावे, मित्राला द्यावे. बाजारात नेऊ नये. याला कारण एकोणिसाव्या शतकाचा अनुभव आहे. तेव्हा बाजारासाठी शिकार करणारे लोक पिंपे भरभरून प्रवासी कबुतरे शहरांतल्या खाणावळींना पाठवत. अब्जावधींच्या संख्येत असलेल्या त्या पक्ष्याचा शेवटचा जीव, मार्था नावाची मादी, 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. गवे काही शेकड्यांवर आले होते. 1900 साली आलेल्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या वन्य प्राण्यांची एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारी विक्री रोखली. 1918च्या कायद्याने स्थलांतरित पक्ष्यांचा बाजार बंद केला. बंदुकीपेक्षा तराजूच प्राण्याला लवकर संपवतो, एवढे त्या देशाला किंमत मोजून कळले होते.

मग उपाहारगृहांत हे मांस येते कुठून? बरेचसे पाळलेल्या जनावरांचे असते. गव्याचे मांस आज खाजगी कुरणांवरून येते. हरणाचे पुष्कळसे मांस थेट न्यूझीलंडहून येते. तिथे इंग्रजांनी शिकारीच्या हौसेसाठी तांबडी हरणे नेऊन सोडली. त्यांना खाणारा प्राणी तिथे नसल्याने ती एवढी माजली की रानेच्या राने ओरबाडली गेली. सरकारने ती मारण्यासाठी माणसे नेमली, पुढे हेलिकॉप्टरमधून त्यांची शिकार होऊ लागली, आणि 1969 मध्ये ती पाळण्यास कायद्याने मुभा मिळाल्यावर उपद्रवाचा उद्योग झाला. ब्रिटनची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे रानात मारलेले हरीण किंवा पक्षी रीतसर विकता येतो; ठरलेल्या हंगामात, आणि ज्याची जमीन त्याच्या शिकारीच्या हक्काने.

टेक्सासमधील चितळाची गोष्ट मात्र या दोहोंच्या मधली आहे. चितळ आणि काळवीट तिथे 1932च्या सुमारास आणले गेले, नीलगाय त्याच्या थोडी आधी दक्षिणेकडच्या किंग रँचवर आली. तिथले स्थानिक पांढऱ्या शेपटीचे हरीण राज्याचे, म्हणून त्याची विक्री निषिद्ध. हे पाहुणे प्राणी 'विदेशी', म्हणून त्यांना ते संरक्षण नाही; ज्याच्या कुरणावर ती चरतात त्याच्या परवानगीने ती वर्षभर मारता येतात. विक्रीसाठी अट एकच, तपासणीची. इंग्रॅम गावच्या ब्रोकन ॲरो रँचने 1983पासून यासाठी एक पद्धत बसवली आहे. निष्णात नेमबाज कुरणावर जातो, सोबत सरकारी तपासनीस असतो आणि मागे चाकांवरचा छोटा कत्तलखाना. प्राणी बेसावध असताना दुरून एका गोळीत मारला जातो. तपासनीस तो जिवंतपणी पाहतो, मेल्यावर पाहतो, शिक्का मारतो.

त्या दुपारी आमच्यापैकी एकाने चितळाचे मांस खाल्ले, दुसऱ्याने नुसते सूप घेतले. कोणी काय खाल्ले हे इथे सांगत नाही. घरात तो विषय अजून पूर्ण मिटलेला नाही.

भाषेच्या शिक्षकाला अशा वेळी शब्द आठवतात. इंग्रजीत हरणाच्या मांसाला 'व्हेनिसन' म्हणतात. त्याचे मूळ लॅटिनमधील शिकारीच्या धातूत आहे. शिकारीतून मिळालेले ते व्हेनिसन. आज ते कुंपणातल्या जनावराचे असते, तरी नाव तेच. आपल्याकडेही खेड्यात खाटकाकडून आणलेल्या मटणाला 'शिकार' म्हणत. शिकार कधीच हातची गेली, शब्द तेवढा ताटात उरला. आणि 'फासेपारधी' या नावात तर फासे अजून आहेत. वाघूर, फासे, शिकवलेल्या बैलाच्या आडून माळावर पुढे सरकणे, ही सगळी विद्या. इंग्रजांच्या 1871च्या कायद्याखाली या जमातीवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. 1952 मध्ये तो कागदावरून पुसला गेला. 1972च्या वन्यजीव कायद्यात आरंभी शिकारीचे, फासे लावण्याचेही परवाने होते. 1991च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. त्याच कायद्यानुसार मारलेला वन्य प्राणी आणि त्याचे मांसही शासनाची मालमत्ता ठरते. एकूण काय, तितर माळाचे नाही, पारध्याचे नाही, शासनाचे.

हे लिहिताना कायद्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. नान्नजच्या माळरानावर आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन जातो. गवतातून काळविटांचा कळप उड्या घेत जातो तेव्हा मुले बोलायची थांबतात. माळढोक त्याच माळावर दिसेनासा होत गेला. कायदा नसता तर काळवीटही गेले असते, याविषयी आम्हाला शंका नाही. शिवाय सोलापूरच्या रस्त्यावर ढाब्यांच्या पाट्यांवर 'बटेर' असते, ती कायद्यात बसते. 1974 मध्ये उत्तर प्रदेशातील इज्जतनगरला आणलेल्या जपानी लाव्ह्यांचे ते पिंजऱ्यातले वंशज. ज्याला शेड बांधता येते, खाद्य विकत आणता येते, त्याला लाव्हा विकता येतो. टेक्सासमध्ये ज्याला हजारो एकरांचे कुरण आहे, त्याला चितळ. सगळीकडे कायदा प्रथम विचारतो तो एकच प्रश्न: हे जनावर कोणाचे? ज्याच्याकडे कुंपण नाही त्याच्याजवळ या प्रश्नाचे उत्तर नसते. दीड गुण देताना आमच्याजवळ कुंपण होते, अभ्यासक्रमाचे.

तो मुलगा पुढे बी.एड. झाला आणि आता एका आश्रमशाळेत मराठी शिकवतो. ऑस्टिनहून आम्ही त्याला त्या यादीचे छायाचित्र पाठवले, खाली सगळी पद्धत लिहिली: कुरण, नेमबाज, तपासनीस, शिक्का. संकोच वाटत होता, पण पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आले. "सर, मॅडम, म्हणजे तिकडं पारधी आहेच. फक्त पगारी आहे." आणि त्याखाली, "लीळा अजून शिकवता का?"

शिकवतो. यंदाही शिकवली. पैजेच्या उल्लेखापाशी आल्यावर आम्ही थांबलो आणि त्याचा प्रश्न, त्याचे नाव न सांगता, फळ्यावर लिहिला. या वेळी कोणी हसले नाही. उत्तर कोणालाच देता आले नाही; आम्हालाही नाही. त्या दीड गुणाचे काय करायचे, हेही अजून ठरलेले नाही. निकालपत्रावर तो आहे तसाच आहे.