दुसरी सर्व्हिस आणि पुढे टाकलेले पाऊल

टेनिसमध्ये सर्व्हिस करणाऱ्याला एका गुणासाठी दोन संधी मिळतात. बुद्धिबळात केलेली चाल परत घेता येत नाही आणि त्रिफळा उडालेल्या फलंदाजाला आणखी एक चेंडू मागता येत नाही. टेनिसमध्ये मात्र पहिला चेंडू जाळ्यात अडकला वा रेषेबाहेर पडला, तरी गुण जात नाही. नियमांच्या ह्या औदार्याची किंमत असते आणि ती दुसऱ्या सर्व्हिसमध्ये वसूल होते. प्रस्तुत लेख ह्या वसुलीविषयी आहे. दुबळ्या दुसऱ्या सर्व्हिसवर परतीच्या फटक्याने तुटून पडणे हे कौशल्य आहे यात वाद नाही. ते सभ्यपणाचे आहे काय, एवढाच आमच्यापुढील प्रश्न आहे.

आधी थोडा भूगोल. जाळ्यापासून बेसलाइन 39 फुटांवर असते, पण सर्व्हिसचा चेंडू 21 फुटांच्या आतील चौकटीतच टप्पा घ्यायला हवा. पहिल्या वेळी खेळाडू जोर लावतो. दुसऱ्या वेळी चूक झाली की गुण हातचा जातो, म्हणून तो सुरक्षितता शोधतो. जाणकार खेळाडू ती फिरकीतून मिळवतो: चेंडूला खालून वर घासून तो जाळ्यावरून उंच काढतो, तरीही चेंडू झपकन चौकटीत उतरतो आणि टप्प्यानंतर उसळून वर येतो. ज्याला ही फिरकी साधलेली नाही, तो केवळ वेग कमी करतो. असा चेंडू चौकटीच्या मध्यावर पडतो आणि कमरेच्या उंचीवर येऊन क्षणभर थांबल्यासारखा वाटतो. दुबळी दुसरी सर्व्हिस म्हणतात ती हीच. जगातील अव्वल पुरुष खेळाडूदेखील दुसऱ्या सर्व्हिसवर सुमारे निम्मेच गुण मिळवतात. मग आमच्यासारख्या हौशी मंडळींची कथा काय सांगावी!

अशा सर्व्हिसवर चढाई करायची म्हणजे चेंडू जिवाच्या आकांताने बडवायचा, असा एक गैरसमज आहे. चढाईचा प्रारंभ पायांपासून होतो. पहिली सर्व्हिस चुकताच परतवणारा बेसलाइनच्या आत एक-दोन पावले येऊन उभा राहतो. समोरची रॅकेट चेंडूला लागते त्या क्षणी तो लहानशी उडी घेऊन तोल सावरतो, रॅकेट फारशी मागे नेत नाही आणि चेंडू चढता असतानाच त्याला गाठतो. पहिल्याच फटक्यात गुण संपवण्याचा मोह त्याने टाळायचा असतो. खोल, मध्यभागी, सर्व्हिस करून नुकत्याच सावरणाऱ्या माणसाच्या पायांपाशी मारलेला फटका पुष्कळदा कोपऱ्यातल्या नेत्रदीपक फटक्याहून अधिक उपयोगी पडतो. हिरावून घ्यायचा असतो तो समोरच्याचा वेळ. दोन-चारदा असे घडले की परिणाम मागे सरकत पहिल्या सर्व्हिसपर्यंत पोहोचतो. दुसरी वेळ येऊच नये म्हणून खेळाडू पहिलीच सर्व्हिस जपून करू लागतो आणि त्याचे मुख्य अस्त्र बोथट होते.

ह्याचे टोकाचे उदाहरण 1989 सालच्या फ्रेंच स्पर्धेत दिसले. चौथ्या फेरीत 17 वर्षांच्या मायकेल चँगसमोर अग्रमानांकित इव्हान लेंडल होता. पहिले दोन सेट गमावलेला चँग पाचव्या सेटमध्ये पायांत येणाऱ्या वांबांनी हैराण झाला होता. त्याने एक सर्व्हिस खांद्याखालून केली, तिची आठवण आजही काढली जाते. आम्हांला मात्र शेवटचा गुण अधिक अर्थपूर्ण वाटतो. मॅच पॉइंटवर लेंडल दुसऱ्या सर्व्हिसच्या तयारीत असताना चँग पुढे सरकत थेट सर्व्हिसच्या रेषेजवळ येऊन उभा राहिला. लेंडलची सर्व्हिस चुकली आणि सामना संपला. चँगला रॅकेट चेंडूला लावावीही लागली नाही. परतवणाऱ्याने आपल्या बाजूला कोठेही उभे राहावे, ही मुभा नियमच देतो. त्याने चेंडू टप्प्याआधी मारू नये इतकेच बंधन आहे.

पुढे 2015 साली रॉजर फेडररने ह्याच मुभेचा वेगळा वापर केला. समोरचा चेंडू वर फेकत असताना तो धावत पुढे येई आणि टप्पा पडताक्षणी अर्ध्या उंचीवर चेंडू परतवून जाळ्याशी जाई. त्या वर्षी सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यात त्याने नोवाक जोकोविचला हरवले. जोकोविचचे तेव्हाचे प्रशिक्षक बोरिस बेकर यांना हा प्रकार जवळजवळ अनादराचा वाटला होता. काही आठवड्यांनी अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत फेडररला सर्व्हिसभेदाच्या 23 संधी मिळाल्या, त्यांतील 4 साधल्या आणि जोकोविच जिंकला. चढाईला उत्तर असू शकते, ही गोष्ट जोकोविचने मैदानावरच सिद्ध केली.

अनादराचा हा मुद्दा आमच्या घराजवळच्या मैदानावरही निघाला. पहाटे खेळणाऱ्या आम्हा प्राध्यापक मंडळींत अलीकडे आमचाच एक माजी विद्यार्थी येऊ लागला आहे. आमचा उजवा खांदा आता चाळिशीचे वय सांगू लागला आहे आणि दुसरी सर्व्हिस वर वर्णन केलेल्या दुबळ्या जातीची. ती पाहताच हा मुलगा दोन पावले पुढे येतो आणि चेंडू आमच्या बुटांपाशी आणून आदळतो. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्याला बाजूला घेऊन सुनावले, “अरे, सरांशी असं खेळतात का?” मुलगा ओशाळला. पुढच्या गेममध्ये त्याने आमच्या सर्व्हिसवर तीन मऊ, उंच फटके मध्यभागी परत पाठवले. ते तिन्ही गुण आम्ही जिंकले आणि कधी नव्हे इतके म्हातारे झालो. आम्ही जाळ्यापाशी जाऊन त्याला म्हणालो, “बाबा रे, माझ्याशी खेळ, मला खेळवू नकोस.”

शिष्याकडून पराभव इच्छावा, असे आपले सुभाषितकार सांगून गेले आहेत. पण तो पराभव खरा असायला हवा. आमच्या सर्व्हिसवर पुढे येणारा तो मुलगा आम्हांला अजून खेळाडू समजत होता. मागे सरकून मऊ चेंडू देताना त्याने आम्हांला त्या यादीतून वगळले होते, तेही आदरापोटी.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. आपण शिक्षक तोंडी परीक्षा घेतो. विद्यार्थ्याचे पहिले उत्तर चुकते, मग तो आवाज खाली आणून दुसरे, सुरक्षित, पाठ केलेले उत्तर देतो. तीही दुबळी दुसरी सर्व्हिसच. तिच्यावर तुटून पडणाऱ्या परीक्षकाला आपण चँगचे वंशज आहोत असे वाटत असेल, तर ते खरे नव्हे. मैदानावर पुढच्याच गेममध्ये सर्व्हिस दुसऱ्याकडे जाते. तोंडी परीक्षेत ती सदैव विद्यार्थ्याचीच असते. ज्याला उलट फटका मारण्याचा अधिकार नाही, त्याच्यावर केलेली चढाई खेळ उरत नाही.

असो. तो मुलगा पुन्हा बेसलाइनच्या आत उभा राहू लागला आहे आणि आम्ही ह्या वयात चेंडूला फिरकी द्यायला शिकत आहोत. दहांपैकी चार-पाच चेंडू चौकटीत पडतात, त्यांतला एखादा खांद्यापर्यंत उसळतो. तेव्हा तो एक पाऊल मागे जातो.