पाला आधी, गोळी मागून

सेंद्रिय आणि रासायनिक खत जोडीनं वापरा म्हटलं, की आमच्याकडे अर्धं शेणखत नि अर्धा युरिया असा हिशेब लगेच मांडला जातो. भातखाचरात मला किलोंपेक्षा वेळ आणि जागा जास्त महत्त्वाची वाटते.

कोकणातल्या पावसात वरून फेकलेला युरिया बांध ओलांडणाऱ्या पाण्याबरोबर जातो; मागे राहतो त्यातलाही काही हवेत उडतो. नुसत्या शेणखतावर राहावं, तर ते सावकाश लागू पडतं आणि ऐन फुटव्यांच्या दिवसांत भात पिवळं दिसतं. शिवाय गोठे रिकामे झाल्यावर तेवढं शेणखत आणायचं कुठून?

डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत या दोघांची कामं नीट वाटलेली आहेत. बांधावरच्या गिरीपुष्पाच्या, म्हणजे उंदीरमारीच्या, फांद्या लावणीआधी आठवडाभर खाचरात पसरायच्या. गुंठ्याला तीसेक किलो पाला लागतो. पानं गळली की काटक्या उचलून चुलीला न्यायच्या आणि चिखलणी करायची. कोवळा पाला चिखलात लवकर कुजतो.

मग गोळी. युरिया आणि डीएपीची 2.7 ग्रॅमची ब्रिकेट. दोरीवर 15 आणि 25 सेंटीमीटर अंतर आलटून पालटून लावणी केली, की चार-चार चुडांचे चौकोन पडतात. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध, 7 ते 10 सेंटीमीटर खोल, एक गोळी. बोटांत धरून ती चिखलात दाबायची आणि हात वर घेताना भोक बुजवायचं. भोक उघडं राहिलं तर खत पुन्हा पाण्यातच उतरतं. त्या खोलीवर हवा पोचत नाही, म्हणून नत्र अमोनियमच्या रूपात चिखलाला धरून राहतं आणि मुळं तिथवर जाऊन ते घेतात.

गुंठ्याला 625 गोळ्या, त्याही वाकून. लावणीच्या धांदलीत मजूर याला नाखूश असतात आणि त्यांची तक्रार खोटी नाही. शिवाय रेताड, पाणी खाली झिरपणाऱ्या जमिनीत गोळी साधत नाही. तिथं युरिया हप्त्याहप्त्यानेच द्यावा. चिकण, चिखल धरणाऱ्या खाचरात मात्र कंबरेचे कष्ट वसूल होतात.

पाला दोन्हीकडे हवा. रेताड जमिनीला तर अधिकच, कारण पाणी धरायची ताकद तिला त्यातूनच हळूहळू येते. त्याला दुकानात जावं लागत नाही, पण गिरीपुष्पाचे खुंट बांधावर आधी लावलेले असावे लागतात. ते काम याच पावसात उरकावं.