लॉजिस्टिक्समधला भाचा

आज एक कबुली देऊन टाकते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत 'लॉजिस्टिक्समध्ये' आहे, असं मी २०२२ पासून सगळ्यांना सांगत आले. लग्नकार्यात सांगितलं, हळदीकुंकवात सांगितलं. खरं म्हणजे तो ट्रक चालवतो.

इंडियाना राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी गॅरी नावाचं पोलाद कारखान्यांचं गाव आहे, त्याच्या जवळ तो राहतो. आधी गोदामात होता. ते बंद पडलं आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याने सीडीएल म्हणजे अवजड वाहनाचा परवाना काढला. २०२२ पासून तिथे त्यासाठी सरकारदरबारी नोंदलेल्या संस्थेतूनच शिकावं लागतं. शिकावं लागतं म्हटल्यावर माझ्यातल्या बाईंचा विरोध जरा मऊ झाला!

त्याचा ट्रक फ्लॅटबेड, म्हणजे मागे नुसता सपाट, उघडा ट्रेलर. माल बांधणं, ताडपत्री चढवणं हे ड्रायव्हरनेच करायचं. पोलादी पत्र्याचं एकेक भेंडोळं वीस-वीस टनांचं. साखळ्यांची एकूण ताकद मालाच्या निम्म्या वजनाला तरी पुरायला हवी असा नियम. निघाल्यावर पहिल्या पन्नास मैलांच्या आत थांबून बांधणी तपासायची, पुढे दर दीडशे मैलांनी किंवा तीन तासांनी.

पहिली नोकरी एका मोठ्या कंपनीत. नवशिक्याला तिथेच दार उघडतं, कारण लहान कंपन्यांचे विमेवाले बहुधा दोन वर्षांचा अनुभव मागतात. तिथे त्याला नावाने कुणी ओळखत नसे, ट्रकच्या नंबराने हाक. जानेवारी २०२४ मध्ये माझी बहीण गेली, तेव्हा तो वायोमिंगमध्ये होता. फोनवरचा माणूस म्हणाला, आधी माल पोचव, मग बघू. तो आला दहाव्या दिवशी. मी त्याला नको ते बोलले. "सोड ही असली नोकरी." तो शांतपणे म्हणाला, "नोकरी नाही मावशी, कंपनी सोडतो. दोन वर्षं भरू देत."

दोन वर्षं भरल्यावर त्याने कंपनी कशी शोधली, ते ऐकून मला आमच्या शाळातपासणीची आठवण झाली. जाहिराती पाहिल्याच नाहीत. कारखान्याच्या फाटकापाशी ट्रकांची रांग लागते, तिथल्या ड्रायव्हरांना विचारायचा, पगार वेळेवर होतो का, घरी किती दिवसांनी सोडतात. मग सरकारी संकेतस्थळावर कंपनीचा नंबर घालून तपासणीत तिचे ट्रक किती वेळा रस्त्यावरून काढले ते बघायचं. मग प्रत्यक्ष आवारात जाऊन टायर, साखळ्या, पट्टे. पट्टे उसवलेले दिसले की मुलाखत न देता परत. एकाने भाड्यावर टक्केवारी देऊ म्हटलं, पण मूळ भाड्याचा कागद दाखवायला तयार होईना. तिथूनही हा उठला.

शेवटी नऊ ट्रकांची एक कंपनी मिळाली. फोन मालक स्वतः घेतो, हिशेब त्याची बायको बघते. ह्याने एकच जास्तीचा प्रश्न विचारला, घरात कुणाचं काही झालं आणि मी वाटेत असलो तर? मालक म्हणाला, जवळच्या विमानतळावर ट्रक उभा कर, तो आणायला मी येईन. (सगळंच गोड नाही हो. एवढ्या लहान कंपनीला आरोग्य विमा देण्याची सक्ती नाही. माझी भाचेसून नर्स आहे, तिच्या विम्यावर घर चालतं. आणि काम नसेल त्या आठवड्यात कमाईही नाही.)

जानेवारी २०२५ मध्ये आईच्या वर्षश्राद्धाला तो दोन दिवस आधी आला. जेवणं चालू असताना पंगतीत कुणीतरी विचारलंच, "काय करतोस रे तिकडे?" मी वाढता वाढता "लॉजि..." म्हणेपर्यंत हा म्हणाला, "ट्रक चालवतो, काका. पोलाद नेतो." काकांनी मग ट्रेलर किती फुटी, चाकं किती, सगळं विचारलं. माझ्या हातातली भाताची पातेली मात्र तशीच राहिली. नंतर आवरताना तो एवढंच म्हणाला, "मावशी, तू का लाजतेस?"

उत्तर दिलं नाही मी. म्हणून आज इथे लिहिलं.

आता सकाळी माल भरून निघाला की पहिल्या थांब्यावर साखळ्या तपासून तो फोन करतो. आपल्याकडे तेव्हा दिवेलागण झालेली असते. "सगळं घट्ट आहे, मावशी," म्हणतो, आणि ठेवतो.