अघटिताचे संपादन

बेडकांचा पाऊस, आकाशातील अनोळखी दिवे, कारण न सापडता लागलेल्या आगी अशा घटनांना वाहिलेल्या मासिकाचा संपादक त्यांवर विश्वास ठेवतो की नाही, एवढ्यावरूनच त्याची परीक्षा होत असली, तरी वाचकाचे पत्र पाकिटातून निघून छापून होईपर्यंत तो त्याचे काय करतो, हेच खरे तर पाहायला हवे.

या कसोटीवर अमेरिकेतील रेमंड पामर (1910–1977) यांची कारकीर्द पेचात टाकते. 1938 मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ या विज्ञानकथांच्या मासिकाची सूत्रे त्यांच्याकडे आली. भूगर्भातील गुहांत राहून किरणांच्या साह्याने माणसांना छळणाऱ्या दुष्ट जमातीविषयी रिचर्ड शेव्हर या वाचकाने पाठवलेला मजकूर त्यांनी स्वतः पुन्हा लिहून, कितीतरी फुलवून, मार्च 1945च्या अंकात छापला. कथा छापणे हे त्या मासिकाचे कामच होते. मात्र ही कथा सत्य म्हणून पुढे करण्यात आली, आणि शेव्हर यांचे शब्द कोठे संपतात व पामर यांचे कोठे सुरू होतात, हे कळण्याची सोय वाचकाला उरली नाही. त्यानंतर पत्रांचा ढीग लागला आणि आपल्यालाही त्या जमातीचे आवाज ऐकू येतात, असे सांगणारे पुढे आले. अशा पत्रामागे एखाद्याचा आजार असू शकतो, हे ओळखणे संपादकाचे काम असते. खप वाढत असताना ते सहसा सुचत नाही.

पुढे 1948 मध्ये कर्टिस फुलर यांच्यासह पामर यांनी काढलेल्या ‘फेट’ या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात वैमानिक केनेथ अर्नोल्ड यांचा स्वतःचा वृत्तान्त आला. 24 जून 1947 रोजी माउंट रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू उडताना दिसल्याचे सांगणाऱ्या या वृत्तान्तात साक्षीदार, स्थळ आणि दिनांक तिन्ही होते.

याच तीन गोष्टींना चार्ल्स फोर्ट (1874–1932) यांनी आयुष्य दिले होते. न्यूयॉर्क आणि लंडन येथील ग्रंथालयांत बसून, विज्ञानाने बाजूला सारलेल्या नोंदी ते वृत्तपत्रांतून व शास्त्रीय नियतकालिकांतून चिठोऱ्यांवर उतरवून घेत. त्यांच्या वाटेने इंग्लंडमध्ये बॉब रिकर्ड यांनी 1973 मध्ये ‘द न्यूज’ हे नियतकालिक सुरू केले आणि 1976 मध्ये त्याचे ‘फोर्टियन टाइम्स’ झाले. या पद्धतीत कात्रणाची किंमत त्यावरील वृत्तपत्राच्या नावात आणि तारखेत असते. पण संपादकाचे काम तेथेच संपत नाही. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध पितो अशी वार्ता भारतभर पसरली, ती मराठी वाचकांना आठवत असेल; दूध ओढले जाण्यामागे पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावरील ओढ, आणि केशाकर्षण असल्याचे शास्त्रज्ञांनी दाखवले. चांगला संपादक हे स्पष्टीकरण टाळत नाही, पण एवढ्यावर थांबतही नाही, कारण दूरध्वनीवरून ती वार्ता एका दिवसात लंडनमधील मंदिरांपर्यंत कशी पोहोचली, हे दुधापेक्षाही नवलाचे आहे.

पामर यांना लोकांचे कुतूहल नेमके कळत होते, यात शंका नाही. परंतु त्यांचा हात कथाकाराचा होता, आणि संपादक म्हणून त्यांच्यापेक्षा रिकर्ड श्रेष्ठ ठरतात.