भूगोलाचा तास

२६ डिसेंबर २००४ ची सकाळ. थायलंडमधील फुकेत बेटावर नाताळच्या सुटीसाठी इंग्लंडहून आलेली १० वर्षांची टिली स्मिथ आईवडिलांसह माय खाओच्या वाळूतून फिरत होती. समुद्र मात्र नेहमीसारखा नव्हता. फेसाळलेले पाणी पुढे पुढेच येई. मागे सरत नसे. इतरांना त्याचे काहीच वाटले नाही. पण टिलीच्या काळजात धस्स झाले. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिक्षकांनी त्सुनामीची, म्हणजे भूकंपाने उठणाऱ्या महालाटांची, हीच लक्षणे सांगितली होती.

तिने आकांत मांडला. आईला प्रथम ते पटेना. परंतु वडिलांनी पहारेकऱ्याला सावध केले. किनारा रिकामा झाला आणि थोड्याच वेळात लाट कोसळली. सुमात्राजवळच्या भूकंपामुळे उसळलेल्या त्या लाटांनी अनेक देशांतील दोन लाखांहून अधिक माणसांचा बळी घेतला. माय खाओच्या किनाऱ्यावरील सुमारे शंभर माणसे मात्र वाचली.

टिलीने त्या दिवशी नवे असे काहीच शोधले नव्हते. वर्गात ऐकलेले तिने समुद्रात ओळखले, एवढेच. आणि एका लहान मुलीचे बोलणे ऐकून घेण्याइतकी मोठी माणसे तेथे होती, हेही तितकेच महत्त्वाचे!